अनुमोदक नसलेली कॅसेट

"कुठे थांबलात?"

काकांचा हा प्रश्न ज्याच्या वाट्याला आला नाही, तो आमच्या सोसायटीत राहिलाच नाही असं खुशाल समजा. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी कलती करायची, आणि समोरच्याने 'पुस्तक फार छान आहे हो' म्हणत पुस्तक परत केलं की शांतपणे विचारायचं, "बरं. कुठे थांबलात?" 'छान' या शब्दावर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की खरोखर आवडलेल्या पुस्तकात एक जागा येते, जिथे माणूस पुस्तक मांडीवर पालथं ठेवतो आणि उगाच खिडकीबाहेर बघत बसतो. गाण्यातही अशी जागा असते. ती ज्याला सांगता येते, त्यालाच ते आवडलं. बाकीच्यांनी नुसतं वाचलं किंवा नुसतं ऐकलं.

आमची सोसायटी डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. ए आणि बी अशा दोन विंग, मध्ये पार्किंग. बी विंग मागाहून बांधलेली, म्हणून तिला लिफ्ट आहे आणि तिथल्या लोकांना तिचा थोडा गर्वही आहे. काका आणि काकू ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांचं दार उघडंच पाहत आले. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. निवडणूक दरवर्षी व्हायची, पण काकांच्या विरोधात उभं राहायचा उत्साह कुणाला नसायचा. टाकी धुण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं काम त्यांनी आपण होऊन ओढवून घेतलेलं. अशा माणसाला कोण पाडणार?

आता ते दोघं मुलीसोबत घोडबंदर रोडला राहायला गेलेत, एका टॉवरमध्ये. समोरच्या दाराला नवीन लोकांच्या नावाची पाटी आहे. माणसं चांगली आहेत, पण दार लावून बसतात.

तर एका वर्षी पावसाळ्यात ए विंग इतकी गळली, की दिवाळीआधी सगळ्यांनी घराला रंग काढायचं ठरवलं. रंग काढायचा म्हणजे कपाटं रिकामी करायची, आणि कपाटं रिकामी झाली की रद्दीवाला येणारच. गेटजवळ त्याने तराजू मांडला आणि आम्ही झाडून सगळे पुस्तकांचे गठ्ठे, कॅसेटी, सीड्या घेऊन खाली उतरलो. काका तिथे खुर्ची टाकून बसले. कुणाला अडवलं नाही, उपदेश केला नाही. फक्त प्रत्येकाला विचारलं, "यातलं कायमचं कुठलं?"

"कायमचं म्हणजे?"

"म्हणजे घर बदललं, चष्मा बदलला, तरी बदलणार नाही ते."

लोक गठ्ठ्यात हात घालून शोधायला लागले. रद्दीवाला बिचारा ताटकळला. त्या दिवशी निम्मे गठ्ठे परत वर गेले आणि काकांच्या डोक्यात 'कायमचं कपाट' शिरलं.

सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्यात सत्यनारायणाचा चौरंग, तोरणं आणि कुणीच कधी न उघडलेल्या फायली. काकांनी वरचे दोन कप्पे रिकामे केले. एकात पुस्तकं, एकात गाण्यांचे अल्बम. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, की पार्किंगमध्येच सभा भरवायची. ज्याला वाटेल त्याने आपलं एक कायमचं पुस्तक आणि एक कायमचा अल्बम मांडायचा. मंजूर झालं तर आपली स्वतःची प्रत कपाटात द्यायची. झेरॉक्स नाही, नवी विकत आणलेलीही नाही.

नियम अर्थातच सोसायटीच्या सभेचे. काकांना दुसरे येतच नव्हते. मांडणारा तो सूचक. त्याला एक अनुमोदक हवा. अनुमोदक दुसऱ्या घरातला हवा, आणि त्याने ते खरोखर वाचलेलं किंवा ऐकलेलं हवं. परीक्षा फक्त अनुमोदकाची. "सूचकाला काय विचारायचं," काका म्हणायचे, "तो प्रेमात पडलेला माणूस आहे." आणि एकाच घरात राहणाऱ्यांनी एकमेकांना अनुमोदन द्यायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच सभेत जाहीर केलं. कारण एका घरात एकच टेप वाजतो. तिथे आवड कुठली आणि सवय कुठली, हे कोण ठरवणार?

या एका नियमाने आमच्या सोसायटीचं काय झालं ते सांगते. डिसेंबर लागला की लोक अनुमोदक शोधत फिरायला लागले. ज्यांच्याकडे आम्ही फक्त मेंटेनन्सच्या नोटिशीपुरते जायचो, त्यांच्या घरी हातात पुस्तक घेऊन जायला लागलो. "वाचून बघा ना, काही घाई नाही, सव्वीस जानेवारीपर्यंत." जिन्यात चहाची आमंत्रणं व्हायला लागली. माझा नवरा पहिल्या वर्षी यशस्वी माणसांच्या सवयींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन उभा राहिला. ऑफिसात कुणी तरी भेट दिलेलं. शेजारच्या एकाला त्याने कसंबसं अनुमोदक म्हणून पटवलं होतं. काकांनी चष्मा वर सरकवला. "कुठे थांबलात?"

"सुरुवातीलाच," तो शेजारी म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाला टाळ्या पडल्या आणि पुस्तक नापास झालं.

बी विंगमधल्या एका आजींची गोष्ट तर अजून सगळे सांगतात. आमची इमारत ज्या शेतावर उभी आहे, ते शेत त्यांच्या माहेरचं. आजींना निरोप मिळाला, की आवडता अल्बम घेऊन खाली या. त्या आपल्या लग्नातल्या फोटोंचा अल्बम पदराखाली धरून आल्या. दोन-चार जण हसले. काका हसले नाहीत. त्यांनी तो टेबलावर ठेवला, शेजारच्या घरातल्या एका बाईंनी अनुमोदन दिलं आणि काकांनी रीतसर विचारलं. त्या बाईंना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. आजींनीच पान उलटून बोट ठेवलं. "यो माजा बापूस. त्याचे मागं शेत दिसतंय ना, तिथं आता तुमच्या गाड्या उभ्या रातान."

आम्ही सगळे खुर्च्यांवरून उठून तो फोटो बघायला गेलो. मग पायाखालच्या फरशीकडे बघितलं. काका म्हणाले, "मंजूर." गाण्यांच्या कप्प्यात तो अल्बम अजून आहे. त्यातून आवाज येत नाही एवढंच.

मी स्वतः एक भारदस्त कादंबरी घेऊन गेले होते. नाव सांगत नाही, नाही तर तुमच्या-माझ्यात भांडण लागेल. काकांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, "हे तुझं दोन नंबरचं आहे. एक नंबरचं घरी ठेवून आलीस." त्यांना कसं कळलं देव जाणे. कदाचित पुस्तक फारच कोरं होतं. पुढच्या वर्षी मी लहानपणचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं बकरीच्या पिल्लाचं पुस्तक नेलं. लाज वाटत होती. त्याला अनुमोदन दिलं आमच्या खजिनदारांनी. हे तळमजल्यावरचे गृहस्थ, पार्किंगच्या खांबावरून आमच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते. काकांनीच पुस्तक परस्पर त्यांच्याकडे नेऊन दिलं होतं.

"कुठे थांबलात?"

खजिनदार घसा खाकरून म्हणाले, "पिल्लू घरी येतं, पण दार बंद असतं आणि ते दारापाशीच झोपतं, तिथे." आणि वर म्हणाले, "चित्र पण चांगलं आहे." त्या संध्याकाळपासून माझी स्कूटर त्यांच्या खांबाजवळ लागायला लागली.

पण सगळ्यात जास्त मागणी होती ती काकूंना. काकू उत्तम अनुमोदक. दिलेलं प्रत्येक पुस्तक वाचायच्या, दिलेला प्रत्येक अल्बम शेवटपर्यंत ऐकायच्या, आणि त्यांची जागा कधी कुणाला खोटी वाटली नाही. माझी मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिने रॅपचा एक अल्बम आणला. म्हणजे आणला कुठला, काकांना म्हणाली, "आजोबा, मी लिंक पाठवते ना. भारी आहे एकदम."

"लिंक कपाटात कुठे ठेवू?"

तिने मग पेनड्राइव्हवर तो भरला, सीडीच्या जुन्या डबीत घातला आणि हाताने चित्र काढून त्याला कव्हर केलं. आता याला अनुमोदक कोण मिळणार, असं आम्हाला वाटत होतं. काकूंनी हात वर केला. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तो मुलगा इतका वेळ जगाला शिव्या देतो, आणि मध्येच आईला फोन करून जेवलीस का विचारतो, तिथे." मुलगी त्यांच्या गळ्यातच पडली.

तर अशा या काकू सगळ्या सोसायटीला अनुमोदन द्यायच्या. फक्त एका घराला देऊ शकत नव्हत्या.

काकांच्या पुस्तकांचं काही नसे. ते दरवर्षी नवं मांडायचे आणि ते मंजूरही व्हायचं. "पुस्तकांच्या बाबतीत मी चंचल आहे," असं सांगून मोकळे व्हायचे. पण अल्बम दरवर्षी तोच. एक कॅसेट. लग्न झालं त्या वर्षी कल्याणला एका शाळेच्या हॉलमध्ये भावगीतांचा कार्यक्रम होता. गाणाऱ्या बाईंनी आपली कॅसेट स्वतःच काढली होती आणि दाराजवळ टेबल मांडून विकायला ठेवली होती, ती काका-काकूंनी घेतली. त्या बाईंचं नाव पुढे कुणी ऐकलं नाही. कव्हरवरचा निळा रंग उडून राखाडी झालेला. ही कॅसेट कायमच्या कपाटात जावी, एवढी एकच गोष्ट काकांनी इतक्या वर्षांत स्वतःसाठी मागितली असेल. ते बोलून दाखवत नसत, पण डिसेंबरात कॅसेट आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दारोदार जाताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. मुलीचं स्थळ घेऊन निघालेल्या बापासारखा.

आणि खरं सांगू, कॅसेट बेताचीच होती. आवाज बरा, चाली एकमेकींच्या बहिणी, तबलेवाला घाईत. मी तीनदा ऐकली. माझा नवरा ऐकता ऐकता झोपला. आम्ही सगळे परत करताना "छान आहे" म्हणायचो आणि काका पुढचं विचारायचे. मग आम्ही चप्पल घालायला लागायचो.

सभेत शेवटचा विषय नेहमी हाच. काका उभे राहून म्हणायचे, "सूचक मी स्वतः. अनुमोदक?" कुणी तरी खुर्ची सरकवायचं. पहिल्या वर्षी वडे ताटलीत काढता काढता काकूंनी हात अर्धवट वर केला होता. काका म्हणाले, "एकाच घरातलं अनुमोदन चालत नाही." काकूंनी हात खाली घेतला तो त्या कॅसेटसाठी पुढे कित्येक वर्षं वर केला नाही. काका म्हणायचे, "अनुमोदक नाही. ठराव बारगळला. वडे गरम आहेत, घ्या." आवाजात काही फरक नाही. पण कॅसेट पिशवीत ठेवताना डबी बंद आहे की नाही, हे ते दोनदा बघायचे. ते मला बघवत नसे.

एका वर्षी आम्ही कट केला. खोटं अनुमोदन द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी मी पुढे व्हायचं ठरलं. जागा कुठली सांगायची ते काकूंनाच विचारू म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्या पोहे निवडत होत्या.

"काकू, तुम्ही कुठे थांबता हो त्या कॅसेटमध्ये?"

"ते मी तुला कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "ज्याची जागा त्याने शोधावी."

"पण तुमची आहे ना एक?"

"आहे की," असं म्हणून त्यांनी पोह्यांतला एक खडा बाजूला टाकला आणि मला चहा विचारला.

मग मी मनानेच ठरवलं. सभेत हात वर केला आणि ठोकून दिलं, की तिसऱ्या गाण्यात आवाज जो काही लागलाय तिथे मी थांबले. काकांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. म्हणाले, "तिसऱ्यात बाई गातच नाहीत गं. नुसती बासरी आहे." सगळी सोसायटी हसली, काका सगळ्यांत जास्त हसले, आणि ठराव बारगळला.

तुम्ही म्हणाल, सेक्रेटरी तेच, नियम त्यांचाच, मग एका सहीने बदलायचा. आम्हीही म्हणालो होतो. त्यावर ते म्हणाले, "स्वतःसाठी वाकवला तर कपाटातल्या बाकी सगळ्यांचं काय? ते सगळे खरेच गेलेत आत."

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन जिने चढणं शक्य नव्हतं. त्यांची मुलगी बी विंगमध्ये राहायची, तिच्याकडे लिफ्ट. काकू तिकडे मुक्कामाला गेल्या आणि काका ए विंगमध्ये एकटे राहिले. सोसायटीची कागदपत्रं आहेत, पाण्याचा पंप लावायचा असतो, कॅसेटींना दमट हवा चालत नाही, अशी दहा कारणं. खरं कारण जावयाच्या घरी राहायचं नाही हे. जेवायला मात्र दोन्ही वेळा जायचे. पार्किंग ओलांडून समोर जायचं, तर इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट. आम्ही गॅलरीतून विचारायचो, "काका, निघालात का सासुरवाडीला?" ते हात हलवायचे. संध्याकाळी परत आले की टेप लावायचे. आवाज पूर्वीपेक्षा मोठा. माझ्या मुलीची परीक्षा होती, तरी मी काही बोलले नाही. घर फार शांत झालं होतं त्यांचं.

हिवाळाभर हे असं चाललं. सव्वीस जानेवारी आली. काकू वॉकर घेऊन हळूहळू पार्किंगमध्ये आल्या आणि बी विंगच्या रांगेत मुलीशेजारी बसल्या. झेंडावंदन झालं, सभा झाली. कुणाचं काय काय मंजूर झालं. शेवटी काका उठले. "सूचक मी स्वतः. अनुमोदक?"

काकूंनी हात वर केला. या वेळी पूर्ण वर.

काका म्हणाले, "एकाच घरातलं चालत नाही."

"मी तुमच्या घरात राहते का?" काकू म्हणाल्या. "दिवाळीपासून बी विंगला आहे. माझं दूध तिकडे येतं, माझा पेपर तिकडे येतो. तुम्ही माझ्याकडे जेवायला येता."

हशा पिकला. काका गोंधळून खजिनदारांकडे बघायला लागले. खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नियम एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आहे," ते म्हणाले. "नवरा-बायकोसाठी नाही. तुम्हीच केलेला आहे. विचारा त्यांना."

काका आपल्या खुर्चीमागे उभे होते. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली. इतकी वर्षं सगळ्यांना सहज विचारलेला प्रश्न त्यांना आज जड गेला. "सांगा," ते म्हणाले. सभेत ते काकूंनाही अहोजाहो करायचे. "कुठे थांबलात?"

"दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं," काकू म्हणाल्या. "त्या बाई ताल चुकतात आणि त्यांना हसू येतं. हसू दाबून त्या पुढे गातात. ते तसंच राहिलंय कॅसेटमध्ये."

"म्हणजे गाणं आवडलं?"

"गाणं ठीकच आहे."

पुन्हा सगळे हसले. काकूंनी हसणं संपू दिलं.

"पण तिथे तुम्ही माझ्याकडे बघता. दरवेळी. मी भाकरी करत असले तरी, पाठमोरी असले तरी, आदल्या दिवशीचं भांडण असलं तरी. ती जागा आली की मान वळतेच तुमची. मी हातातलं काम थांबवते आणि काही कळलं नाही असं दाखवते. त्या जागेसाठी अख्खी कॅसेट ऐकत आले मी. याहून वेगळं काय आवडायचं असतं?"

माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

काका फार हळू आवाजात म्हणाले, "आणि आता? आता तर तू समोर नसतेस."

"आता तुम्ही खिडकीत येऊन उभे राहता. त्या जागेला."

"तुला दिसतं तिकडून?"

"गुडघा गेलाय माझा," काकू म्हणाल्या, "नजर नाही."

खजिनदारांनी "मंजूर" म्हटलं. काका खुर्चीमागून निघाले, बी विंगच्या रांगेत गेले आणि काकूंच्या शेजारी, मुलीने उठून दिलेल्या खुर्चीवर बसले. त्या वर्षी सभेचे आभार खजिनदारांनीच मानले.